आधी ‘आम्ही’, मग ‘मी’

इंग्रजीत बोलायचे म्हटले की आमच्या तोंडाला आजही कोरड पडते. हे कबूल करायला आम्हांला कमीपणा वाटत नाही, कारण आमच्या पिढीच्या बहुतेकांची हीच गत आहे. आम्ही मराठी शाळेत शिकलो. त्या काळी मराठी शाळांतून इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. पुढे सकाळचे कॉलेज आणि दुपारची नोकरी करून बी. कॉम. झालो. जमाखर्च, ताळेबंद, लेखापरीक्षण सारे इंग्रजीत लिहिले आणि इंग्रजीत पास झालो. पण तीन वर्षांत इंग्रजी बोलण्याची वेळ एकदाही आली नाही.

ती वेळ आली खात्यातल्या बढतीच्या मुलाखतीत. समोर तीन साहेब बसले होते. प्रश्न आमच्याच टेबलावरच्या कामाचा होता. उत्तर आम्हांला झोपेतून उठवून विचारले असते तरी आले असते. पण प्रश्न इंग्रजीत आला आणि आमच्या तोंडून ‘सर’ एवढाच शब्द निघाला. बढती पुढे चार वर्षांनी मिळाली. त्या दिवशी घरी येताना लोकलच्या गर्दीत ठरवले, वस्तीतल्या पोरांवर ही वेळ येऊ द्यायची नाही.

निर्धार चांगला होता. पण निर्धाराच्या भरात आमच्या हातून एका मुलाचे नुकसान झाले, ते आधी सांगितले पाहिजे. कारण पुढे आम्ही जे थोडेफार शिकलो ते त्या चुकीतून शिकलो.

२०१४ पासून आम्ही आणि दोन सहकारी चेंबूरमधील आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग घेतो. वर्गातली मुले सफाई कामगारांची, नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुरांची, घरकाम करणाऱ्या आयांची. २०१६ साली एका आंतरशालेय इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेचे पत्रक हाती आले. नववीतला एक हुशार मुलगा निवडला. विषय घेतला बाबासाहेब आणि शिक्षण. भाषण आम्ही स्वतः लिहिले, शब्दकोश शेजारी ठेवून. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतून जड जड शब्द वेचले. ‘इमॅन्सिपेशन’ घातला, ‘अनप्रेसिडेंटेड’ घातला. भाषण पाचशे शब्दांच्या वर गेले आणि वेळ होता तीन मिनिटे. पोराने पंधरा दिवसांत ते घडाघडा पाठ केले. आम्हांला वाटले, आता बक्षीस आपलेच.

स्पर्धेचा हॉल मोठा, गार हवेचा. आमच्या मुलाने पहिला परिच्छेद म्हटला. दुसऱ्या परिच्छेदात एक शब्द हातातून निसटला आणि पुढचे सारेच गेले. अर्थ ठाऊक असता तर साध्या शब्दांत काहीतरी बोलून पुढे गेला असता. पण त्याच्यापाशी अर्थ नव्हता, नुसते शब्द होते, आणि तेही आमचे. तो आमच्याकडे पाहत राहिला. आम्ही तिसऱ्या रांगेतून ओठ हलवून सांगण्याचा प्रयत्न केला. मागे कोणीतरी हसले. परीक्षकांनी इंग्रजीत सांगितले की सावकाश बोल, घाई नाही. त्याला वाटले, ते रागावले. तो खाली उतरला. परतीच्या गाडीत दारात उभा राहिला आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. घरी गेलो तर त्याची आई म्हणाली, “सर, इंग्रजीचं नाव काढलं तरी उठून जातो. राहू द्या त्याला.” बारावीनंतर त्याने शिक्षण सोडले. आज तो मोटारसायकलवरून घरोघरी पार्सले पोहोचवतो. कष्टाची कमाई आहे, त्यात कमीपणा काही नाही. सगळा दोष त्या एका दिवसाचा नाही हेही आम्हांला कळते. पण त्यातला आमचा वाटा आमच्या खात्यावर नावे पडला आहे आणि कारकून माणसाला नावे पडलेली रक्कम विसरता येत नाही.

त्यानंतर सहा वर्षे आम्ही कोणत्याही स्पर्धेच्या वाटेला गेलो नाही. व्याकरण शिकवले, पत्रलेखन शिकवले. बोलणे शिकवायचे धाडस झाले नाही.

वंदनेने दाखवलेली वाट

टाळेबंदीनंतर २०२२ साली वर्ग पुन्हा भरू लागला. सातवीतली एक मुलगी होती, त्याच मुलाची धाकटी बहीण. वर्गात प्रश्न विचारला की मान खाली. मराठीत विचारले तरी उत्तर ओठांतल्या ओठांत. एका रविवारी वर्गाआधी वंदना चालली होती. आम्ही मागे बसलो होतो. तेव्हा ध्यानात आले की पुढे जो स्वच्छ, खणखणीत आवाज येतो आहे तो या पोरीचा आहे.

आम्ही विचार करू लागलो. पाली काही तिच्या घरात बोलली जात नाही. मग त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा ही पोरे न अडखळता कशी म्हणतात? एक तर आईच्या मांडीवर असल्यापासून कानावर पडलेली. दुसरे, अर्थ कोणीतरी समजावून सांगितलेला. आणि तिसरे सर्वांत मोठे कारण म्हणजे सगळे मिळून म्हणतात. एखाद्याचा शब्द चुकला तर शेजारच्याच्या आवाजात तो झाकला जातो. क्षणभर गप्प राहून पुढच्या शब्दाला पुन्हा सामील होता येते. तिथे कोणी हसत नाही. घरात न बोलली जाणारी भाषा शंभर माणसांत मोठ्याने म्हणण्याची सवय आपल्या पोरांना लहानपणापासून आहे. आम्हांलाच ते दिसले नव्हते.

त्याच सुमारास एका स्पर्धेच्या पत्रकात वैयक्तिक भाषणाबरोबर ‘कोरल स्पीकिंग’ असा विभाग दिसला. चौकशी केली. हे गाणे नव्हे. याला चाल नसते. कविता किंवा गद्य उतारा समूहाने बोलायचा. कुठे सर्वांनी, कुठे निम्म्यांनी, कुठे एकट्याने. १९२०च्या दशकात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात मार्जरी गुलन या शिक्षिकेने अशा समूहपठणाला वळण लावले आणि तेथून ते शाळाशाळांत गेले. हाँगकाँगच्या शालेय भाषण महोत्सवात त्याचा विभाग असतो. मलेशियात तर त्याच्या शाळाशाळांमध्ये स्पर्धा होतात आणि समोर एक विद्यार्थी उभा राहून हातांच्या खुणांनी समूहाला चालवतो. दोन्हीकडे बहुतेक मुलांच्या घरी इंग्रजी बोलले जात नाही. आम्ही मनात म्हटले, मग आपल्याकडे का जमू नये?

एक वाक्य, पंच्याऐंशी शब्द

उतारा कोणता घ्यायचा? पत्रकात अट होती, तीन मिनिटांच्या आतला कोणताही दर्जेदार मजकूर. आम्ही भारतीय संविधानाची उद्देशिका घेतली. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला ती छापलेली असते, पण धडा सुरू करण्याच्या घाईत आपण ते पान उलटतो. इंग्रजीत ती एकच वाक्य आहे, पंच्याऐंशी शब्दांचे. ते वाक्य ‘आम्ही’ या शब्दाने सुरू होते. एकट्याने म्हणण्यापेक्षा समूहाने म्हणावे असेच ते आहे.

या वेळी पाठांतर शेवटी ठेवले. पहिले तीन रविवार इंग्रजीला हातच लावला नाही. शब्दाशब्दाचा अर्थ मराठीत बोललो. ‘दर्जाची आणि संधीची समानता’ म्हणजे काय, हे मुलांनीच सांगितले. एक मुलगा म्हणाला, “माझा बाप आणि त्याचा मुकादम एकाच कपात चहा पितात ती दर्जाची. आणि मला मुकादमाच्या पोरासारखा क्लास मिळाला तर ती संधीची.” आम्ही यापेक्षा चांगले सांगू शकलो नसतो. १९४६च्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता हा शब्द नव्हता. बाबासाहेब अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीने तो उद्देशिकेत घातला, हेही सांगितले. समाजवादी, धर्मनिरपेक्ष आणि एकात्मता हे शब्द १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आले, तेही सांगितले. अर्थ कळल्यावर पोरांच्या आवाजात फरक पडला. तो कानाला कळत होता.

मग उच्चार. येथे आमची स्वतःची शाळा सुरू झाली. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला बहुधा सारखाच मान देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. ‘डेमॉक्रसी’ म्हणताना जोर ‘मॉ’वर, पण ‘डेमोक्रॅटिक’ म्हणताना तोच जोर ‘क्रॅ’वर जातो. ‘लिबर्टी’त ‘लि’वर, ‘इक्वॉलिटी’त ‘क्वॉ’वर, ‘फ्रटर्निटी’त ‘ट’वर. ‘सॉव्हरिन’ या शब्दात ‘जी’ हे अक्षर लिहिलेले असते, पण बोलायचे नसते. पोरे पहिल्या दिवशी ‘सोव्हरीग्न’ म्हणत होती आणि खरे सांगायचे तर आम्हीही वर्षानुवर्षे तसेच काहीतरी म्हणत आलो होतो. आता मोबाइलवरच्या शब्दकोशात उच्चार ऐकता येतो. एकदा आम्ही ‘डेव्हलपमेंट’ हा शब्द पहिल्या अक्षरावर जोर देऊन बोललो, तर मागून एक बारका म्हणाला, “सर, फोनमधली बाई वेगळं म्हणते.” ऐकले तर जोर ‘व्हे’वर होता. आयुष्यभर चुकीचे बोललो. पोराला शाबासकी दिली आणि सर्वांसमोर दहा वेळा बरोबर म्हटले. त्या दिवसापासून मुले आपल्या चुकांना कमी घाबरू लागली.

व्ही आणि डब्ल्यू यांतला फरक आरशाने शिकवला. ‘व्हॉइस’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. ‘वर्शिप’ म्हणताना दात दिसता कामा नयेत, ओठ शिटी वाजवल्यासारखे गोल झाले पाहिजेत. ‘फेथ’मध्ये दोन्ही कसरती: आधी दात ओठावर, मग जीभ दातांमध्ये. सर्वांत अवघड गेला सव्विसावा या अर्थाचा ‘ट्वेंटी-सिक्स्थ’. शेवटचा ‘थ’ पोरे गिळून टाकत. तो शेवटपर्यंत पूर्ण सुधारला नाही.

त्यानंतर श्वास. एवढे लांब वाक्य एका दमात कोणालाच होत नाही. म्हणून नियम केला की शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोघांनी एकाच ठिकाणी श्वास घ्यायचा नाही. एकाने घेतला की दुसऱ्याने आवाज धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाक्य तुटल्यासारखे वाटत नाही. समजावताना आम्ही म्हटले, जड गोणी दोघांनी उचलली तर एक जण हात बदलतो तेव्हा दुसरा भार सांभाळतो, तसे हे. हमालाच्या पोरांना दुसरे उदाहरण लागले नाही.

शेवटी वाटणी. चोवीस मुले, तीन रांगा. सुरुवात सर्वांनी. न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता या चार शब्दांसाठी चार गट. न्यायासाठी जाड आवाजाचे मोठे मुलगे, समानतेसाठी मुली, आणि बंधुतेपाशी चारी गट पुन्हा एकत्र. व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा भाग हळू आवाजात घेतला, कारण आमच्या सहकारी बाईंचे म्हणणे पडले की मोठी गोष्ट ओरडून सांगावी लागत नाही. समोर उभे राहून चालवायला आठवीतली मुलगी निवडली. हात फार उडवायचे नाहीत, नजर आणि बोटे पुरेत, असे ठरले. पोशाख शाळेचाच, धुऊन इस्त्री केलेला. भाड्याचे कपडे नाहीत. पालकांवर गाडीभाड्यापलीकडे एक रुपयाचा बोजा टाकला नाही.

वस्तीतून बोलणीही खावी लागली. एक ज्येष्ठ म्हणाले, “भीमगीते सोडून ही पोपटपंची कशाला?” आम्ही म्हटले, बाबा, भीमगीते सोडलेली नाहीत. आणि पोपटपंचीची भीती आम्हांला तुमच्यापेक्षा जास्त आहे. पण सावित्रीबाईंनी ज्या इंग्रजीला माउली म्हटले, बाबासाहेब १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत ज्या भाषेत आपली बाजू मांडून आले, ती भाषा पोरांच्या जिभेवर यायला नको का? १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत बाबासाहेबांचे नाव अचानक पुकारले गेले. आपल्याआधी वीस-बावीस वक्ते आहेत अशी त्यांची समजूत होती. तरी ते उठून बोलले आणि सभागृहाने शांतपणे ऐकले. ते पाठांतराच्या बळावर झाले नाही. म्हणणे मनात पक्के होते. आम्हांला २०१६ साली हेच कळले नव्हते.

स्पर्धेचा दिवस

स्पर्धा २०२४च्या जानेवारीत झाली. पुन्हा तसाच मोठा हॉल, तसाच गारवा. आमच्या पोटात गोळा आला होता. पोरे उभी राहिली. सुरुवात चांगली झाली. स्वातंत्र्याच्या ओळीत दुसऱ्या रांगेतला एक बारका घाईने अर्धा शब्द पुढे गेला. आमचा श्वास अडकला. समोरच्या मुलीने एक बोट किंचित उचलले, तो थांबला, शेजारच्या दोघांनी शब्द उचलला आणि तो पुढच्या शब्दाला परत मिळाला. कोणी हसले नाही. बहुधा कोणाला कळलेही नाही.

सहा संघांत आमचा चौथा नंबर आला. बक्षिसे तीन होती. परीक्षक बाईंनी मुलांना जवळ बोलावून सांगितले की अर्थ समजून बोललात, पण शब्दांचे शेवट गिळता, त्यावर काम करा. अगदी बरोबर होते ते. पोरे परतीच्या गाडीत ‘सिक्स्थ, सिक्स्थ’ करत आली. डब्यातली माणसे वैतागली.

त्या दिवशी हॉलच्या शेवटी दारापाशी हेल्मेट हातात घेऊन एक तरुण उभा होता. बहिणीला सोडायला आला होता आणि थांबला होता. बाहेर आल्यावर आमच्याजवळ आला. आठ वर्षांत पहिल्यांदा आपणहून बोलला. म्हणाला, “सर, मधे तो बारका चुकला ना?”

आम्ही म्हटले, “हो.”

“सावरलं पण त्यांनी.” मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “मला एकट्याला उभं केलं होतं तुम्ही.”

आम्ही त्याला सांगितले की चूक तुझी नव्हती, आमची होती. भाषण आमचे होते, शब्द आमचे होते, हौस आमची होती. हे तेव्हाच तुझ्या घरी येऊन सांगायला हवे होते. तो म्हणाला, “जाऊ द्या सर, आता.” हेल्मेट घातले आणि गेला. त्याने माफ केले की नाही, आम्हांला माहीत नाही. पण अधूनमधून रविवारी फेऱ्या नसल्या की विहाराच्या ओट्यावर येऊन बसतो. आत तालीम चाललेली असते.

त्याची बहीण पुढच्या वर्षी एकटी उभी राहिली. आम्ही भाषण लिहून दिले नाही. तिने आईच्या कामावर बोलायचे ठरवले, आधी मराठीत सांगितले, मग स्वतःच्या छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत मांडले. दोनशे दहा शब्द झाले. आम्ही फक्त क्रियापदे तपासली. मध्ये एकदा ती थांबली. आमचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला. तिने श्वास घेतला आणि पुढे बोलली. उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळाले, ते त्यांच्या घरी भिंतीवर लावले आहे.

इतर वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो. एक, पहिल्यांदा मुलाला एकटे उभे करू नका. समूहात वर्षभर बोलू द्या, आवाजाची भीती जाऊ द्या. दोन, अर्थ मराठीत पक्का झाल्याशिवाय इंग्रजी पाठ करवू नका. तीन, मिनिटाला शंभर शब्दांहून अधिक लिहू नका आणि जे शब्द मुलाला स्वतःला सुचणार नाहीत ते त्याच्या तोंडी घालू नका. चार, तुमचे उच्चार चुकत असतील तर मुलांसमोर चुका आणि मुलांसमोरच सुधारा.

पालकांकडे एकच मागणे आहे. तुम्हांला इंग्रजी येत नसेल तरी चालेल. रात्री जेवण झाल्यावर तीन मिनिटे टीव्ही बंद करा, मुलाला समोर उभे करा आणि तो जे म्हणेल ते शेवटपर्यंत ऐका. अडखळला तर थांबा. घरात कोणी हसू नका. तेवढे तुम्ही करा, बाकीचे आम्ही विहारात पाहून घेऊ.